फौजीने मुद्दाम बिघडवलेला भाग

गल्लीत सगळे त्याला फौजी म्हणत, पण त्याने उभ्या नोकरीत शत्रूचं तोंडही पाहिलं नव्हतं. बावीस वर्षं पलटणीच्या बंदुका दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्याने पुढच्या खोलीत टेबलावर मावेल एवढा थ्रीडी प्रिंटर मांडला. प्लॅस्टिकची तार वितळवून तो थरावर थर चढवायचा. मिक्सरचं बटण, कपाटाची मूठ, असलं बाजारात न मिळणारं काहीबाही लोक करून नेत.

एका दुपारी जावई पेनड्राइव्ह घेऊन आला. शिलाई मशीनचा भाग आहे म्हणाला. फौजीने स्क्रीनवर आकृती उघडली. भाग बंदुकीचा होता. डोळे मिटून हातात दिला असता तरी त्याने ओळखला असता.

"हे कशाला हवंय?"

"तुम्ही फक्त बनवा, मामा. उगाच चौकशा नकोत."

गोदामाच्या वाटणीवरून जावयाचं सख्ख्या भावाशी हाडवैर होतं. त्यात लेक रुसून माहेरी आलेली, चार महिन्यांपूर्वीच मिनतवाऱ्या करून परत नांदायला धाडलेली. नाही म्हणावं तर राग तिच्यावर निघणार, पोलिसांत जावं तर संसार मोडणार. फौजीने मधला मार्ग काढला. भाग द्यायचा, पण असा बिघडवून की बंदूक चालूच नये. तसा तो दिला, आणि आपल्या हुशारीवर दोन दिवस खूशही राहिला. बायकोला पत्ता लागू दिला नाही.

बंदूक चालली नाही, फुटली. जावई गच्चीवर ती आजमावत होता आणि लेक तिथेच कपडे वाळत घालत होती. त्याची दोन बोटं गेली. तिचा उजवा डोळा गेला.

जावयाने सासऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. फौजी गप्प राहिला असता तर सुटला असता, पण तो आपल्या पायांनी ठाण्यात गेला. परवान्याशिवाय असा भाग बनवणं हाच गुन्हा, तो चालतो की नाही याला महत्त्व नाही, असं इन्स्पेक्टरने समजावलं. मग जरा थांबून विचारलं, "ओळखून बनवलात की न ओळखता? विचार करून सांगा."

"ओळखून. आणि बिघडवला पण मीच."

हा जबाब वाचून वकिलाने कपाळाला हात लावला.

तीन वर्षांची शिक्षा झाली. निकाल लागला त्या दिवशी लेक कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती, डोळ्यावर पट्टी.

"बाबा, मला एक फोन का नाही केलात?"

तुझ्या संसारासाठी, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"मी त्याच दिवशी निघून आले असते," ती म्हणाली.

तुरुंगात त्याच्या हातातलं कसब पाहून साहेबांनी कुलपं दुरुस्त करायचं काम देऊ केलं. त्याने झाडलोट मागून घेतली.