वार्निशचा वास

काल सोसायटीच्या पंपाची मोटार वाइंडिंग होऊन आली, जिन्यात वार्निशचा वास पसरला आणि मला गुलमंडीतले वाइंडिंगवाले काका आठवले. रस्तारुंदीत त्यांचं दुकान गेलं, ते आतल्या बोळात आले आणि जुनी गिऱ्हाइकं शोधून शोधून परत जाऊ लागली. मी त्यांना वेबसाइट करून दिली, फोनमधल्या नकाशावर दुकान टाकलं आणि ते इंटरनेटच्या शोधात वर यावं म्हणून गिऱ्हाइकांचे अभिप्राय घ्यायला सांगितलं. काकांनी एकाच दुपारी सगळ्यांना दुकानात बोलावून, चहा पाजून, समोर बसवून अभिप्राय लिहून घेतले. माणसं खरी होती, पण एकाच जागेवरून इतकं कौतुक आलेलं पाहून नकाशावाल्या कंपनीच्या यंत्राला ते खोटं वाटलं आणि दुकान नकाशावरूनच गेलं. मी कंपनीकडे पुन्हापुन्हा ऑनलाइन अर्ज केले; प्रत्येक वेळी तेच ठरावीक उत्तर आलं. “ताई, त्यांचं हापिस कुठंय? साहेबाला भेटून सांगतो ना, माणसं खरी हायेत म्हणून.” “काका, तिथं भेटायला साहेबच नसतो.” “बिनसाहेबाचं हापिस असतंय व्हय?” ते हसले, मी लॅपटॉप मिटला. काल सेक्रेटरींना विचारलं, मोटार कुठं दिली होती? म्हणाले, “फोनवर शोधलं, पहिलं नाव आलं तिथं.”