रिकामी टोपली

मी पत्रकं लिहिते. डोंगर फोडून बंगल्यांचे प्लॉट पाडणाऱ्यांच्या विरोधात लिहिते आणि चांदणी चौकात उभी राहून वाटते. त्यामुळे माले गावातल्या माझ्या आत्यानं, "आमच्या टोपल्या हॉलंडला चालल्यात, विंग्रजी कागदाचं तू बघ," असं सांगितलं, तेव्हा मी आधी भाषणच ठोकलं. परदेशी व्यापारात कष्ट कुणाचे, मलिदा कुणाचा, सगळं. आत्या बांबूच्या पट्ट्या तासत होती.

"झालं? मग सही कुटं करायची ती दाव."

आत्याच्या पडवीत गावातल्या बायका टोपल्या विणतात. हॉलंडमधल्या एका छोट्या दुकानाच्या मालकीणबाईंनी त्या पहिल्यांदाच मागवल्या होत्या. बायकांनी खोकी भरली, मी कागद भरले, टेम्पो गेला. माल तिकडच्या बंदरात पोचला आणि बाईंची ईमेल आली. टोपल्यांत तांदूळ सापडलेत. कागदांत तांदळाचा उल्लेख नाही. माल अडवलाय. लेखी खुलासा आला नाही तर सगळा नष्ट करतील. तांदूळ का?

ना नमस्कार, ना खुशाली.

तांदूळ का म्हणजे? रिकामी टोपली कुणी कुणाला देतं का? शेजारणीची वाटीसुद्धा आपण रिकामी परत करत नाही. बायकांनी प्रत्येक टोपलीत मूठभर आंबेमोहोर टाकला होता. मीही टाकला होता, आणि जुन्या रीतींविरुद्ध तर मी अख्खं पत्रक काढलेलं आहे.

मी तडकून खुलासा लिहिला. यांच्या कंपन्या आमच्या दारात येतात तेव्हा त्यांच्या खोक्यांत कोण डोकावतं, इथपासून सुरुवात. आत्याला मराठीत वाचून दाखवला.

"ह्यो खुलासा हाय का मोर्चा?"

"बाई उर्मट आहे, आत्या. साधा नमस्कारही घातला नाही."

"उर्मट कशानं? तिनं इचारलं, तांदूळ का. तेवढं सोडून समदं लिवलंस तू. आन् तुझ्या पत्रकात तरी कुटं रामराम असतोय?"

बायका हसल्या. नसतो, हे खरं.

"माल जाळला तर पुन्ना कोण इचारनार हाय आमाला? हितं परत निस्ती भातलावणी आन् घर. चुकलं म्हनून सांग. का टाकलं तेबी सांग. भांडाया मी हाय की तुला."

मग ती बोलली तसं लिहिलं. तांदूळ विकायचे नव्हते. आमच्याकडे टोपली रिकामी देत नाहीत. कागदांत लिहायचं राहिलं, चूक आमची. तांदूळ काढून टाका, टोपल्या ठेवा. खाली लिहिलं, हे माझ्या आत्याचे शब्द.

उत्तर येईपर्यंत आत्या विणतच राहिली. मागणी नसताना कशाला, असं मी विचारलं नाही. पण मी दारात दिसले की तिचे हात थांबायचे. "बाईचं काय?" मी नाही म्हणून मान हलवली की पुन्हा पट्ट्या सरसर सुरू.

शेवटी उत्तर आलं. तांदूळ काढून नष्ट केले, टोपल्या सुटल्या. दुकानात मांडल्या आहेत, पुन्हा तेवढ्याच हव्यात. या वेळी आत काहीही नको. गिऱ्हाइकांना मी तांदळाची गोष्ट सांगते. आणि खाली, पहिल्यांदाच: आत्याबाईंना माझा नमस्कार.

दुसऱ्या खेपेला मी खोकी उघडून ठेवली. आत्या टोपली हातात धरून तशीच उभी.

"रिकामी कशी द्यायाची गं?"

"नियम आहे, आत्या."

"व्हय, कळतंय."

तिनं मूठ वळली, टोपलीत नेली आणि आत उघडली. मुठीत काहीच नव्हतं. मग पुढची टोपली, पुन्हा मूठ. बायकाही तिच्यामागं तसंच करायला लागल्या.

"ह्याला कागद लागतुया का?" आत्यानं विचारलं.

"नाही."

"मग तू काय बघत बसलीस?"

मी खाली बसले आणि मूठ वळली. शेवटची टोपली झाली तेव्हा ती म्हणाली, "हां. आता लाव चिकटपट्टी."