डावीकडची पाकळी

कुवेतात, एगैल्यातल्या एका व्हिलात किचनची कपाटं बसवत होतो तेव्हा फोन आला. खोलीतला रत्नागिरीचा रफीक बोलत होता. "दत्तादा उठत नाय रे..." एवढंच म्हणाला. सकाळी छातीत जळजळतंय म्हणून दत्तादा कामावर आला नव्हता. मीच त्याला म्हणालो होतो, झोप आज, मी सांभाळतो.

मी सातवीतून शाळा सोडलेला. हातात रंधा धरायला शिकवलं ते दत्तारामदादानं, कुवेतला आणलं त्यानं, जलीबच्या खोलीत माझ्यासाठी खालची खाट राखली तीही त्यानंच. मी जन्माचा घाबरट. अकाम्याचा परवाना, मुदीरसाहेब, लिफ्ट, सगळ्याचं भय. तो हसायचा. "मेल्या, भियाक तरी काय जागा ठेव!"

काही वर्षांपूर्वी कंपनीनं आम्हा दोघांना इटलीत मिलानला पाठवलं, नवी कपाटं बसवायचं शिकायला. मधे एक रविवार मोकळा. हॉटेलातल्या बाईनं सांगितलं, एका दिवसात दोनपैकी एका ठिकाणी जाऊन येता येईल. एक गाडी उत्तरेला डोंगरातल्या तळ्याकडे जाते, दुसरी दक्षिणेला समुद्राकडे. दोन्ही एकाच स्टेशनातून. आमच्या गावाजवळून रेल्वे गेली तीसुद्धा आम्ही कुवेतात असताना. कुवेतात तर रूळच नाहीत. नुसतं फिरायला म्हणून गाडीत बसायचं, हे आमच्या बापजाद्यांनी केलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "दत्तादा, नको. चुकलो तर मुदीर थेट गावाक धाडीत."

"चुकलो तर देव चुकलो. तुजो काय संबंध? थांब, तेकाच इचारुया."

त्यानं बॅगेतून ग्रामदेवाची छोटी तसबीर काढून टेबलावर उभी केली. खालच्या फुलदाणीतल्या पांढऱ्या फुलाच्या दोन पाकळ्या गंध लावून काचेवर चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. गावच्या देवळात लावतात तसाच कौल. मग हात जोडून त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, तुजी लेकरां परमुलखात इली हत..."

त्यानं कोपरानं ढोसलं. "अरे, व्हय म्हण! व्हय म्हणणारो नसलो तर देव आयकता काय?"

"व्हय म्हाराजा!"

"तळ्याकडे जावचा असात तर उजवी दी, समुद्राकडे तर डावी..."

"व्हय म्हाराजा!"

बराच वेळ गेला, आणि उजवी पडली.

तळ्याकाठी त्यानं बूट काढून पाण्यात पाय सोडले. परतताना स्टेशनात शेजारच्या फलाटावरून समुद्राची गाडी सुटत होती. तिचा शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत तो बघत राहिला. "ती रवली रे," म्हणाला.

डावी पाकळी त्यानं काढली नाही. तसबीर तशीच रुमालात जपून आणली, खाटेच्या उशाशी टांगली. पाकळी सुकून काचेला धरून बसली. दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, वरच्या खाटेवरून त्याचा आवाज यायचा, "आज खंयची गाडी रे?" मग आम्ही कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत चालत जायचो आणि तो म्हणायचा, "उतर, ठेसन इला."

त्याला पेटीतून गावी पाठवून आता काही आठवडे झाले. वरच्या खाटेवर अजून कुणी आलेलं नाही, तरी शुक्रवारी पहाटे ती करकरते. मी डोळे मिटून पडून राहतो... तसबीर पाठवतो म्हणून वहिनींना फोन केला, तर म्हणाल्या, "तुमच्याकडेच ऱ्हवांदे, भावजी. त्येंचा काय ता अर्धा रवलाहा, असा ते फोनार म्हणत असत."

आणि आता कंपनी मला पुन्हा मिलानला पाठवतेय. एकट्याला. मधे एक रविवार आहे.

त्या रविवारी समुद्राकडे जाऊ की नको, काही सुचेना. काल अर्दियाच्या गोदामातून आल्यावर हातपाय धुऊन तसबिरीसमोर उभा राहिलो. आजवर गाऱ्हाणं कधी मी घातलं नव्हतं, माझं काम फक्त व्हय म्हणायचं. तरी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, दत्तारामाची समुद्राकडची गाडी रवली हा. ती मी धरूची काय..."

आणि सवयीनं थांबलो, मागून कुणी व्हय म्हणेल म्हणून.

पाकळी हलली नाही. मी अजून थांबलोच आहे.