दुसरी चावी होत नाही

मला कुलपांचा नाद होता. कुणाला साड्यांचा असतो, कुणाला भांड्यांचा, तसा माझा कुलपांचा, आणि त्यावरून आईनं मला ऐकवायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. "तुझ्या रुखवतात काय मांडू गं, कुलपं?" असं ती दर महिन्याला एकदा तरी विचारी. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं असतील. आम्ही दोघी मुलुंडला राहायचो, तीन मजली इमारतीत, सगळ्यांची दारं-खिडक्या एकाच लांब गॅलरीत उघडायच्या. मी भांडुपच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. यंत्रांचे सुटे भाग मायक्रोमीटरनं मोजायचे आणि चुकलेले बाजूला टाकायचे. पाळी दुपारची, त्यामुळे सकाळ माझी असायची.

रविवारी मी कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे जाई. पितळेच्या ढिगातून कुलपं निवडायची, घरी आणून परातीत खोलायची आणि ते कसं चालतं ते डोक्यात बसेपर्यंत पुन्हा पुन्हा जोडायची. त्यातलं एक माझं फार लाडकं होतं. कुठल्याशा तोडलेल्या जहाजावरचं, परदेशी, मुठीएवढं, सोबत एकच चावी. त्याचं चावीचं भोक सरळ नव्हतं, नागमोडी होतं. रस्त्यावरच्या चावीवाल्याकडची कोरी चावी त्यात शिरतच नसे, आणि शिरेल अशी कोरी चावी कंपनी बाजारात विकत नसे. मालकानं कार्ड दाखवलं तर कंपनी स्वतः बनवून देणार. शिवाय आतल्या पिना नुसत्या उचलून भागत नव्हतं, प्रत्येकीला थोडं वळवावं लागे. म्हणून चावीचे दाते तिरके कापलेले.

हे सगळं मी ज्याला सांगितलं तो आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा. त्याला अहो-जाहो करायची माझी इच्छा नाही. बोलायला मऊ, कोकणातला, एका कंपनीत कारकून. एका सकाळी तो कुलपं बघायला आला आणि तासभर बसून ऐकत राहिला. इतकं मन लावून माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे ताई, याची दुसरी चावी होत नाही?" त्यानं विचारलं.

"नाही होत," मी म्हणाले. मान ताठ करून म्हणाले.

हल्ली चोऱ्या फार होतात, असं तो म्हणाला, आणि तासाभराच्या कौतुकावर मी ते कुलूप त्याला देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून ते त्याच्या दाराला बाहेरून लागलं. आत त्याची बायको होती. तिला डोक्याचा त्रास आहे, कुठंही निघून जाते, असं त्यानं सगळ्या मजल्याला सांगून ठेवलं होतं, आणि मजल्यानं मान डोलावली होती. मीही डोलावली. हे लिहिताना लाज वाटते, पण डोलावली.

दोनेक महिन्यांनी, तो कामावर गेल्यावर, त्यांच्या खोलीची गजांची खिडकी वीतभर उघडली.

"ताई, हे कुलूप तुम्ही दिलंत ना?" ती म्हणाली. आवाजात वेडेपणाचं काही नव्हतं. "आधीचं साधं होतं. खालून चावीवाला जात होता, त्याला खिडकीतून बोलावून मी चावी करून घेतली होती. दुपारी गजांतून हात काढून कुलूप उघडायचे आणि भावाला फोन करून यायचे. ह्यांना ते कळलं."

मग तो माझ्याकडे का आला होता ते मला कळलं. मी पोलीस चौकीचं नाव काढलं तर ती म्हणाली, "चौकीवर हे आधीच सांगून आलेत, बायको वेडी आहे म्हणून. आणि ताई, पुढच्या रविवारी खोली बदलतायत. विरारच्या पुढं. तिथं शेजारच नाही. बोरिवलीला भावाकडे पोचले ना, की झालं. नाहीतर मग माझं काय खरं नाही."

चावी मी करून देते, असं मी तिला सांगून बसले. एक गुर्मी जिरली नव्हती, तोवर दुसरी.

तो चावी गळ्यातल्या साखळीत ठेवी आणि अंघोळीला जाताना काढी. तेवढ्यात तिनं ती साबणाच्या वडीवर दाबून घेतली आणि वडी मला गजांतून दिली. कारखान्यातल्या भंगारातली पितळी पट्टी आणून मी चार सकाळी कानशीनं घासत बसले. दोन पट्ट्या फुकट गेल्या. तिसरी भोकात शिरेल एवढी झाली. हातात उरला शनिवार. शनिवारी तो अर्धा दिवस करून अडीचला घरी यायचा.

मी रजा टाकली. साडेदहाला मजला रिकामा झाला, तशी आई तांदळाचं सूप घेऊन जिन्याच्या तोंडाशी निवडायला बसली. आईला मी काही समजावलं नव्हतं. तिनं साबणाची वडी बघितली होती, तेवढं तिला पुरलं.

चावी आत गेली. केसभर फिरली आणि अडकली. पुढे जाईना, मागे येईना, बाहेर निघेना. मी ओढलं, हलवलं, पुन्हा ओढलं. अशीच राहिली असती तर अडीच वाजता त्याला सगळं दिसलं असतं, आणि रविवार उजाडेपर्यंत त्या खोलीत काय झालं असतं याचा विचारही मला करवेना.

"कोण येतंय गं," आई हळूच म्हणाली.

खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या, पाणी कधी येणार म्हणून विचारायला आलेल्या. मी कुलपाला पाठ लावून उभी राहिले. चावीचं टोक कमरेत टोचत होतं. आईनं त्यांना तांदळातले खडे दाखवले, रेशनवाल्याला चार शिव्या घातल्या, त्यांनीही घातल्या, आणि त्या एकदाच्या खाली गेल्या.

शिलाई मशीनचं तेल सोडून, पक्कड लावून ती चावी काढायला मला साडेबारा वाजले. मी तिथंच फरशीवर बसले.

"होत नाही गं," मी खिडकीकडे बघून म्हणाले. "मला जमत नाही. मीच दिलं आणि मलाच उघडत नाही."

ती आतून दारापाशी गेली. मग ती म्हणाली, "ताई, दाराला आतून हे नट कसले आहेत?"

"कुठले नट?"

"दोन आहेत. मी त्यांच्यावर फडकं वाळत घालते."

मी उठले. कुलूप ज्या कोयंड्यात अडकवलं होतं, त्याचे दोन पाय दारातून आरपार आत गेले होते आणि आतून नटांनी आवळले होते. आमच्या दारालाही तसेच होते. सगळ्या इमारतीतल्या दारांना तसेच होते. आठ दिवस मी त्या कुलपाशी झटत होते आणि ते कशाला लटकलंय हे एकदाही बघितलं नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं.

मी पाना गजांतून आत दिला. तिनं आयुष्यात पाना धरला नव्हता. नटांवर ऑइलपेंटचे थर चढले होते.

"आधी उलथन्यानं रंग खरवड. मग पाना बसव. आता डावीकडे फिरव."

"फिरत नाही."

"तुझ्या डावीकडे. दोन्ही हातांनी. अंग टाक त्याच्यावर."

पहिला नट पाऊण तासानं सुटला. दुसऱ्यावरून पाना घसरायचा आणि प्रत्येक वेळी दार धाडकन वाजायचं. तिची बोटं सोलली होती, तरी ती एकदाही थांबली नाही. दीडनंतर मी घड्याळ बघायचं सोडून दिलं. आई सगळे तांदूळ निवडून झाल्यावर तेच पुन्हा पसरून निवडत होती.

दुसरा नट फरशीवर पडल्याचा आवाज आला. तिनं आतून कोयंड्याचे पाय ठोकले, मी बाहेरून ओढलं, आणि कोयंडा कुलपासकट बाहेर आला. कुलूप बंदच होतं. मी कडी सरकवली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक पिशवी होती आणि दुसऱ्या हातात चपला. आईनं तिच्या कपाळावरचा घाम स्वतःच्या पदरानं पुसला आणि म्हणाली, "मागच्या गल्लीनं जा. वळून बघू नको." तिनं मला दोन्ही नट दिले. मग परत आत वळली, तेव्हा माझा जीव गेला, पण तिनं फक्त फडकं उचलून दाराच्या भोकाशी खोचलं. मी दार ओढून, कडी लावून, कोयंडा होता तसा भोकांत दाबेपर्यंत ती जिना उतरून गेली होती. मी गजांना गाल लावून तिरकं आत बघितलं. फडकं कोयंड्याच्या पायाशी अडकून राहिलं होतं आणि दोन्ही भोकं त्याच्याआड गेली होती. बाहेरून काहीही हललेलं दिसत नव्हतं.

अडीचला पाच कमी असताना तो जिना चढला. मी आमच्या दाराआड उभी होते, नट मुठीत. चावी फिरली. चांगल्या कुलपाचा आवाज फारसा होत नाही, पण मला तो ओळखता येतो. दार उघडलं. त्यानं तिला नावानं दोनदा हाक मारली. मग आमच्या दारावर थाप पडली.

कुलूप त्याच्या हातात होतं, चावी त्यातच होती. आवाज नेहमीसारखा मऊ.

"ताई, याची आणखी एखादी चावी कुणाकडे असेल का?"

"तुमच्याकडची कुठं आहे?"

"ही काय. दिवसभर गळ्यातच होती."

माझी मूठ इतकी घट्ट झाली होती की नटांचे कोपरे तळव्यात रुतले. भीती वाटत होती. पण बोलले ते सगळं खरं होतं.

"मग नाही," मी म्हणाले. "याची दुसरी चावी होत नाही. कितीही प्रयत्न केला तरी होत नाही."