महबूबच्या पाठीवरचा हात

भूतखेत, भानामती असला विषय निघाला की मी खुर्ची सरकवून उठणारा माणूस. आयुष्यभर एक्स-रे वाचून पोट भरलंय. फिल्मवर दिसत नाही ते माझ्या लेखी नाहीच! तरीही हे लिहितोय... कारण कितीही वर्षं झाली तरी ते मनातून जात नाही.

साठच्या दशकातली गोष्ट. दौंडला स्टेशनजवळ माझा एक्स-रेचा दवाखाना होता. शिरूरहून – तेव्हा सगळे घोडनदीच म्हणायचे – महबूब नावाचा हमाल आला. पोत्यांनी भरलेल्या बैलगाडीवरून पडलेला. तिकडच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत एकच शब्द, ‘उसण’. हा शब्द मोठा वाईट बघा! उसण म्हटलं की वाचणाऱ्याची नजर आपोआप कंबरेवर जाते. त्यात फिल्म ओली, पाणी गळतंय, मागचा दिवा मिणमिणता... मी म्हणालो, "मोठं काही दिसत नाही, पण वाळल्यावर नीट बघतो. उद्या या." आमच्याकडे ‘पण’च्या पुढचं कुणी ऐकतं होय?

संध्याकाळी वाळलेली फिल्म दिव्यावर लावली. पार वरच्या कडेला छातीचा शेवटचा मणका चेपून बसलेला. मोडलेला! त्यावर आणखी एक जोराचा दणका बसला असता तर दोन्ही पाय कायमचे गेले असते. कंपाउंडरला हाक मारली, तर तो म्हणतो, "गेला की तो! उद्या त्या पायाळू हौसाबाईची लाथ घेतो म्हणत होता."

पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेलं माणूस. त्यानं पाठीत लाथ घातली की उसण जाते, अशी आपल्याकडची समजूत. सकाळची पहिली एस.टी. धरली आणि वाटभर ड्रायव्हरला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

घर सापडेपर्यंत उन्हं वर आली होती. अंगणात महबूब पालथा. त्याची बायको दाराशी, शेजारीपाजारी भिंतीला टेकून. आणि हौसाबाई, गल्लीतलीच साठीची बाई, त्याच्या उशाशी कमरेवर हात ठेवून उभी. मी फाटकातूनच ओरडलो, "थांबा! मणका मोडलाय त्याचा!"

"आवं, मगाधरनं थांबलेच हाय की!" ती माझ्यावरच खेकसली. "लाथ मारू तरी कशी? आधी ह्यो हात काढा म्हनावं."

"कुणाचा हात?"

"मला काय ठावं! पाठीवर ठिवलाय कुनीतरी. पाय उचलला की आडवा येतोय."

पाठ उघडी होती, लख्ख ऊन होतं. मला काही म्हणता काही दिसेना. "दाखवा कुठं आहे," मी म्हणालो. तिनं अंगाला न शिवता बोट केलं. कंबरेवर नाही, वर... नेमकं त्या मणक्यावर! "तळवा हितं, आन् बोटं पार खाली कंबरंपातूर." फिल्म माझ्या पिशवीत होती. ती तिथं कुणीच पाहिली नव्हती.

मी खाली बसून विचारलं, "महबूबभाई, काही जाणवतंय?"

तो मातीत तोंड घालून रडत होता. "हाय साहेब, हात हाय. कुनाला काढू दिऊ नका."

पुढं त्याला फळीवर निजवून पुण्याला नेलं, प्लास्टर घातलं, कित्येक महिने पडून राहिला. पाय वाचले. एके दिवशी स्वतःच्या पायांनी चालत माझ्या दवाखान्यात आला आणि म्हणाला, "परत फोटू काढा."

काढला. मणका छान जुळला होता. मी तसं सांगितलं, तरी तो हलेना.

"हात आलाय का बघा की, साहेब. आजून तिथंच हाय त्यो."

मी फिल्म वरपासून खालपर्यंत पाहिली. चष्मा पुसला, पुन्हा पाहिली. खरं सांगतो, त्या दिवशी तो दिसावा असं मलाच फार वाटत होतं. "नाही हो," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "तुमचं मशीन तरी काय करंल." आणि जाताना मलाच धीर दिल्यासारखा खांद्यावर थोपटून गेला.