पानाची मागची बाजू

हातात आलेली वस्तू ती आधी उलटी करायची. भाकरी, बशी, लग्नपत्रिका, काहीही. "मागून बघू या," म्हणायची. तुम्ही-आम्ही बशी उलटतो ती कुठल्या कंपनीची ते बघायला. हिला बुरशी शोधायची सवय.

द्राक्षांवरच्या रोगांची शास्त्रज्ञ होती ती. गंगापूर रोडला आमच्या वरच्याच मजल्यावर भाड्याने राहायची. पहिल्या भेटीत मी गॅलरीतली माझी द्राक्षवेल तिला मोठ्या तोऱ्यात दाखवली. तिने एक पान उलटलं. मागे पांढरी बुरशी. "काका, डाऊनी आहे." डाऊनीपेक्षा मला ते 'काका' जास्त लागलं.

दिंडोरीजवळ एका शेतकऱ्याच्या बागेत तिने स्वतः संकर करून वाढवलेल्या वेली होत्या. औषध न फवारता त्यातली कोणती तगते, हे तिला बघायचं होतं. पण प्रकल्पाचा निधी संपला आणि शेतकऱ्याला जागा मोकळी हवी होती. आता आशा एकच, तरुण शास्त्रज्ञांचा राष्ट्रीय पुरस्कार. त्यात पदकाबरोबर पुढची काही वर्षं संशोधनाला पैसाही मिळतो.

निकालाच्या दिवशी ती आमच्याकडेच बसून होती. मी आदल्या दिवशीच पेढे आणले होते, आणि काळजीने निम्मे खाल्लेही होते. संध्याकाळ झाली तरी फोन नाही.

"गेलं, काका. उद्या दिंडोरीचे शेतकरीदादा वेलींवर ट्रॅक्टर घालणार."

बायकोने चहा ठेवायला टेबलावरचा तिचा फोन उचलला. "अगं, आवाज बंद करून पालथा काय ठेवलायस?" सुलटा केला, तर दिल्लीचे मिस्ड कॉल. आमच्या घरातली तेवढी एकच वस्तू तिने उलटून बघितली नव्हती.

तिने फोन लावला. ऐकता ऐकता उठली, बसली, पुन्हा उठली. मला काही ऐकू येत नव्हतं, तरी मीही उठाबशा काढत होतो. फोन ठेवला आणि लगेच दिंडोरीला लावला.

"दादा, मिळाला पुरस्कार. वेली काढू नका."

"थांबा मॅडम, ट्रॅक्टरवाल्याला आधी नाय म्हणून सांगतो. अभिनंदन मग करतो."

उरलेले पेढे मी सगळ्या जिन्यात वाटले. पुरले नाहीत, त्याचं कारण मी कुणाला सांगितलं नाही.

पदक घेऊन आली तेव्हा अख्खी इमारत भोवती जमली. तिने पदक उलटं केलं. "मागे काही नाही. स्वच्छ आहे."

आता ती दिंडोरीलाच राहते, वेलींच्या शेजारी. जाताना त्यातल्याच एका वेलीची फांदी माझ्या कुंडीत लावून गेली. मी कधी फवारत नाही. पाहुणे आले की पान उलटून दाखवतो.

"काहीच दिसत नाहीये," ते म्हणतात.

मी वरच्या रिकाम्या गॅलरीकडे बघतो आणि म्हणतो, "तेच तर."