गुरुजींची लाल खुर्ची

आमच्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला पायलट म्हणायची पद्धत आहे. आमच्या पायलटने विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिलंय, पण वर्ध्याजवळच्या आंजीकडच्या रस्त्यांवर तो गाडी अशी उडवतो की मागे बसलेली मी, गाडीवरची डॉक्टर, त्याला मनातल्या मनात शिव्या देते आणि पोचल्यावर आभार मानते.

त्या सकाळचा कॉल छातीत दुखण्याचा होता. पेशंट म्हणजे निवृत्त शाळामास्तर. निम्म्या गावाला त्यांनी शिकवलेलं आणि बहुतेकांना बदडलेलं. घर बोळाच्या टोकाला, त्यामुळे गाडी अलीकडे बुद्धविहारापाशीच थांबवावी लागली. मी आत गेले तेव्हा गुरुजी घामाने निथळत खाटेवर बसले होते आणि बायकोला सांगत होते की काही नाही, गॅस झालाय. आमच्या भागात हृदयविकार कुणाला होतच नाही, सगळ्यांना गॅसच होतो. ईसीजीची पट्टी निघाली. झटका मोठा होता. गोळी चघळायला दिली, ऑक्सिजन लावला आणि बजावलं की आता एक पाऊलही चालायचं नाही, चाललात तर जिवावर बेतेल.

पायलटने स्ट्रेचर आणलं. गुरुजींनी त्याकडे पाहिलं आणि मास्क बाजूला केला.

"मॅडम, या बोळातून मानूस झोपून एकदाच जाते. मी चालत येतो."

आणि खरंच उठायला लागले. तोवर बायका डोक्यावर पदर घेऊन दारोदारी उभ्या राहिल्या होत्या. गुरुजी आडवे निघाले असते तर एखादीने गळा काढला असता, हेही खरं. छातीत दुखणाऱ्याला चालवू नका, हे प्रशिक्षणात आम्हाला दहादा सांगतात. तो ऐकतच नसेल तर काय करायचं, यावर मात्र कुणी संशोधन केलेलं दिसत नाही. मी आधी समजावलं, मग रागावले. पण आयुष्यभर रागावण्याचाच पगार घेतलेल्या माणसावर माझ्या रागाचा काय परिणाम होणार? त्यांची बायको रडकुंडीला आली होती. वेळ हातातून जात होता. इतक्यात मला अंगणातली लाल प्लास्टिकची खुर्ची दिसली.

"बसून याल?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. बसून जाण्याविरुद्ध गावात काही नियम नसावा. ते तयार झाले.

खुर्ची उचलायला चौघे पुढे आले. चौघेही गुरुजींचे विद्यार्थी, वर्गात कधी ना कधी कोंबडा झालेले. नीट धरा, असा त्यांना गुरुजींचा दम मिळाला. पायलटने सिलिंडर खांद्यावर घेतला, मी बाजूने चालले. मास्क लावलेले गुरुजी दोन्ही बाजूंच्या जय भीमला हात वर करून उत्तर देत निघाले. हात खाली ठेवा, म्हटलं तर ऐकेनात. ओट्यावरच्या एका म्हातारीने विचारलं, मास्तर निवडून आला काय? पायलट म्हणाला, बिनविरोध. सगळा बोळ हसला. मी रागाने लाल झाले होते, तरी मलाही हसू आवरलं नाही.

गाडीचं दार लागलं. त्यांची बायको पुढे पायलटशेजारी बसली. गाव मागे पडलं, दोन्हीकडे कपाशी सुरू झाली, तेव्हा गुरुजींनी खिडकीतून एकदा बाहेर पाहिलं आणि स्वतःहून आडवे झाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"आता कोनी पाहून नाई राह्यलं. मले लय भेव वाटून राह्यलं, पोरी. वर्ध्यापर्यंत माहा हात सोडू नोको."

मी हात धरला. भीती मलाही वाटत होती, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. मॉनिटरकडे बघत मी त्यांना कोणत्या वर्गाला शिकवायचात, असलं काहीबाही विचारत राहिले.

गुरुजी वाचले. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर उतरवलं तेव्हा तिथे माणसांची ही गर्दी होती, त्यात त्यांच्या गावचेही दोघे होते. गुरुजी सगळ्यांसमोर झोपून आत गेले, आणि माझा हात त्यांनी सोडला नाही.